मनाच्या आजाराची गोळी गावच्या दवाखान्यात का नाही?

शुगर किंवा बीपी झाले तर आपल्या घरांत आता कोणी लपवून ठेवत नाही. लग्नाच्या दावतीत बिर्याणीच्या ताटाशेजारी गोळ्यांची डबी उघडली जाते आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. गोळ्या संपल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. त्या दिवशी नसतील तर सिस्टर सांगते, पुढच्या आठवड्यात या. आजार आयुष्यभराचा असेल तर औषध घराजवळ मिळाले पाहिजे, ही गोष्ट सरकारने मान्य केली आहे आणि आपणही ती गृहीत धरली आहे.

त्याच गल्लीत दुसरे एक घर असते. तिथल्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, किंवा बहिणीला बायपोलरचा आजार आहे, किंवा वहिनीला दर दीड-दोन वर्षांनी इतके खोल नैराश्य येते की ती पंधरा-पंधरा दिवस अंथरुणातून उठत नाही. हेही आजार वर्षानुवर्षांचे. यांचेही औषध रोजचे. शुगरसारखेच तेही वेळेवर घेतले तर माणूस कामधंदा करतो, लग्नकार्याला जातो, मुलांचा अभ्यास घेतो. फरक इतकाच की या घराला गोळी आणायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका खालाजानची गोष्ट सांगतो. त्यांचा मुलगा चौतिशीचा. आखातात नोकरीला होता, तिथेच आजार सुरू झाला. कोणीतरी आपल्या जेवणात काही घालते आहे, असे त्याला वाटू लागले. कंपनीने तिकीट काढून परत पाठवले. घरच्यांनी आधी दोन वर्षे झाडफूक केली, ताविज बांधले, मग एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून सरकारी मनोविकारतज्ज्ञाला दाखवले. गोळ्या लागू पडल्या. आज तो सुपारीच्या बागेत पाणी सोडतो, बकऱ्या बघतो, जुम्याला मशिदीत जातो. दर महिन्याला खालाजान पहाटेची पहिली एसटी धरतात, साडेदहाच्या सुमारास दवाखान्यात पोहोचतात, नंबर लावतात आणि रात्री इशाच्या अजानीनंतर घरी येतात. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे म्हणून त्यांचे निम्मे वाचते. मुलगा बरोबर असला की त्याचे पूर्ण लागते. बरोबर कोणी पुरुष हवा म्हणून भाच्याला नेले, तर त्याची रोजी बुडते.

“औषध फुकट आहे, बेटा,” खालाजान म्हणाल्या, “जाणंयेणं फुकट नाही.”

त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. खालाजान स्वतःच्या बीपीची गोळी तिथूनच घेतात. मुलाच्या गोळीबद्दल विचारले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी अदबीने सांगितले की हे औषध आमच्याकडे येत नाही, आणि आले तरी ते चालू ठेवायचे की बदलायचे हे ठरवण्याचे प्रशिक्षण मला मिळालेले नाही. डॉक्टर खोटे बोलत नव्हते. पण मागच्या वर्षी पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद पडला, खालाजान दीड महिना जाऊ शकल्या नाहीत, गोळ्या संपल्या आणि मुलगा पुन्हा भिंतीशी बोलू लागला. मग गाडी करून त्याला नेले, तीन आठवडे भरती केले. या तीन आठवड्यांचा खर्च सरकारने केला. गोळ्यांचे एक पाकीट दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात असते, तर तो खर्च वाचला असता.

या लेखात आम्हाला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. मानसिक आरोग्यावर सरकारचा पैसा फारच थोडा खर्च होतो, हे खरे. पण जो होतो, तो आजाऱ्याच्या घरापासून फार लांब होतो.

आकडे बघू. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य खात्याला सुमारे ७१ हजार कोटी रुपये मिळाले. त्यात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली रक्कम ५९७ कोटी, म्हणजे शंभरातला एक रुपयासुद्धा पुरता नाही. या ५९७ कोटींपैकी ५०० कोटी बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेला, ५७ कोटी आसामातल्या तेजपूरच्या संस्थेला आणि उरलेले ४० कोटी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला. पुढच्या वर्षी संस्थांची रक्कम वाढली, कार्यक्रमाची ४० कोटींवरच राहिली. निम्हान्स ही देशाची शान आहे आणि तिला मिळालेल्या पैशाबद्दल आमची तक्रार नाही. पण मंडणगडच्या किंवा मुखेडच्या आजाऱ्याला निम्हान्सचा काय उपयोग? त्याच्यापर्यंत पोहोचायचे ते काम जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे आहे. त्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये. ऐकायला बरी रक्कम वाटते. पंचवीस लाख वस्तीच्या जिल्ह्याला ती वाटली तर माणशी वर्षाला साडेतीन रुपयेही येत नाहीत. एवढ्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स यांचे पगार, डॉक्टरांचे प्रशिक्षण, गाडीचे डिझेल, जनजागृतीचे फलक आणि औषधे बसवायची.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात म्हटले आहे की मध्यम उत्पन्नाच्या देशांत मानसिक आरोग्यावरच्या खर्चाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग मनोरुग्णालयांवरच जातो. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून आपल्याला माहीत आहेत ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली, इंग्रजांच्या काळापासूनची. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. नांदेडहून येरवड्याला जायचे तर चारशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते. घाटीसारख्या मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग आहेत, ती मोठीच सोय आहे, पण तीही शहरातच.

लोकांच्या खिशातून किती जाते? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. ज्या बारा राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी त्यातून कळले ते असे की वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचतात त्या कुटुंबांचा औषध आणि प्रवासाचा खर्च महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या, किंवा दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणाऱ्या घरात दर महिन्याला हजार-दीड हजार काढणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. घर तंगीत आले की आधी कोणाची गोळी बंद होते? ज्याला ती नकोच असते त्याची. “आता तर बरा दिसतोय,” असे म्हणत पाकीट संपू दिले जाते. सहा महिन्यांनी आजार उलटतो तेव्हा दोष आजाऱ्याला, त्याच्या आईला किंवा नजरेला लागतो.

विम्याचा आधार घ्यावा तर महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून दरमहा घ्यायच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. मनोविकार तिच्यात बसत नाही. अर्ज भरून झाल्यावर हे कळते आणि माणूस हात हलवीत परत येतो.

कायदा काय म्हणतो, हे जरा निवांत वाचण्यासारखे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला. ती सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि जवळ असावी. धर्म, जात, लिंग, भाषा यांवरून भेदभाव नसावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि बेघरांना उपचार मोफत, मग त्यांच्याकडे पिवळे कार्ड नसले तरी. प्राथमिक स्तरापासून वरपर्यंत सर्व सरकारी आरोग्य सेवेत मानसिक आरोग्य सामावून घ्यावे, असेही कलम सांगते. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च सरकारने द्यायचा. ही शेवटची तरतूद किती जणांना माहीत आहे? आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती, त्यांत एक वकील होते.

पण याच कलमात एक खाच आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली सर्व औषधे मनोरुग्णांना सरकारी दवाखान्यात कायम मोफत मिळाली पाहिजेत, असे सांगताना कायदा ‘सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर’ असे शब्द वापरतो. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे सेवा प्राथमिक स्तरापर्यंत न्यायची, पण औषधाची हमी ग्रामीण रुग्णालयापाशी थांबते. खालाजानच्या घराजवळचे केंद्र त्याच्या एक पायरी खाली येते. अर्थात कायद्याने खाली औषध ठेवायला मनाई केलेली नाही. राज्याने ठरवले तर उद्यापासून ठेवता येते. आणि ग्रामीण रुग्णालयात मिळाले तरी खालाजानचा प्रवास शंभर किलोमीटरऐवजी वीस-पंचवीसचा होईल. तेवढाही हक्क आज अनेक तालुक्यांत मागितल्याशिवाय मिळत नाही.

प्राथमिक केंद्रातले साधे एमबीबीएस डॉक्टर स्किझोफ्रेनिया हाताळू शकतील का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या देशात पन्नास वर्षांपासून आहे. १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळच्या रायपूर राणी इथे आणि बंगळुरूजवळच्या सकलवारा इथे हे प्रयोग झाले. त्यांवरून १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. ऐंशीच्या दशकातच निम्हान्सने कर्नाटकातल्या बल्लारी जिल्ह्यात तो प्रत्यक्षात आणला. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण दिले, मोजकी औषधे केंद्रांत ठेवली, जिल्ह्याला एक तज्ज्ञ नेमला आणि त्याने फिरून देखरेख ठेवली. बल्लारीचा तो नमुना घेऊनच १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. आज देशातल्या ७६७ जिल्ह्यांत तो मंजूर आहे. बल्लारीतल्या गोष्टींपैकी कागद, पदे आणि फलक सगळीकडे पोहोचले. औषधाचा अखंड पुरवठा आणि फिरता तज्ज्ञ या दोन खर्चिक गोष्टी मात्र वाटेत सांडल्या.

आपल्या जवळचा दाखला साताऱ्याचा. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तो झाला होता. काहींना दवाखान्यातले नेहमीचे उपचार, काहींना त्याबरोबर घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, गावातलीच माणसे होती. ते गोळ्यांची चौकशी करीत, घरच्यांना आजार समजावीत, आजाऱ्याला पुन्हा कामाला लावायला बघत. वर्षभराने ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता त्यांची लक्षणे आणि अडचणी इतरांपेक्षा थोड्या अधिक कमी झाल्या होत्या. फरक फार मोठा नव्हता. अभ्यासकांनीही तो मोठा असल्याचा दावा केला नाही. तामिळनाडूत तो जास्त ठळक होता. आम्हाला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते की घरी जाणारा माणूस हा चैनीचा भाग नाही, तो उपचाराचा भाग आहे आणि त्याला पगार लागतो.

आणि पगार देता येतो, हे क्षयरोगाने दाखवून दिले आहे. टीबीची गोळी गावात मिळते. रुग्णाचा कोर्स पूर्ण करून घेणाऱ्या आशाताईला मोबदला मिळतो. रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे येतात, पूर्वी ५००, आता १,०००. टीबीचा रुग्ण गोळी मध्येच सोडील म्हणून सरकारने ही साखळी उभी केली. स्किझोफ्रेनियाचा रुग्णही गोळी मध्येच सोडतो, उलट जास्तच, कारण आपण आजारी आहोत हे न पटणे हा त्या आजाराचाच भाग आहे. मग त्याच आशाताईच्या यादीत महिन्यातून एकदा या घराचे दार ठोठावण्याचे काम आणि त्याचा मोबदला का असू नये? काही औषधे इंजेक्शनच्या रूपातही येतात. फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांतून एकदा दिले की रोजच्या गोळीची कटकट बऱ्याच रुग्णांची वाचते. ते राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तज्ज्ञाने ठरवून दिल्यावर ते टोचायला केंद्रातली नर्स पुरेशी आहे.

आता आपल्या समाजाकडे वळू, कारण या विषयात दर्ग्याचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

६ ऑगस्ट २००१ ची पहाट. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर वर्तमानपत्रांतून अंधश्रद्धेवर भरपूर लिहिले गेले. आमचा अनुभव असा की आजाऱ्याला घेऊन दर्ग्यावर जाणारी माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, बहुधा दवाखान्याला नकार देऊन गेलेली नसतात. दर्ग्याचे दार चोवीस तास उघडे असते, तिथे केसपेपर लागत नाही, आणि चाळीस दिवस मुक्काम केला तरी कोणी उठवत नाही. सरकारी यंत्रणेने हे तीन गुण कधी दाखवले? बांधून ठेवण्याचे समर्थन मात्र कशानेही होत नाही. २०१७ च्या कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर सरळ बंदी आहे. आपल्या घरात, परसात, ओळखीच्या एखाद्या ठिकाणी असा कोणी बांधलेला असेल, तर तो आता कायद्याचाही गुन्हा आहे.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. आजारी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या येतात. २००८ पासून तिथे ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालतो. दर्ग्याच्या परिसरातच मनोविकारतज्ज्ञ बसतात, औषध मोफत मिळते. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले आहे. ते दुआ करतात आणि त्या माणसाला शेजारच्या खोलीत पाठवतात. सरकारने यात साथ दिली. कोणाला श्रद्धा सोडायला सांगितले नाही आणि कोणाचा इलाजही चुकू दिला नाही. महाराष्ट्रात जिथे असे आजारी येऊन राहतात, तिथे जिल्ह्याच्या पथकाने महिन्यातून दोन दिवस बसायला काय हरकत आहे? ट्रस्टींनी एक खोली आणि पंखा द्यावा, बाकीचे सरकारने बघावे.

आणि हे आपल्याला परकेही नाही. इजिप्तचा सुलतान कलावून याने १२८४ मध्ये कैरोत उभारलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता, आणि गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष कोणालाही तिथे उपचार मिळावेत म्हणून वक्फाची मिळकत लावून दिली होती. सार्वजनिक पैशातून मनाचा इलाज व्हावा, ही कल्पना आपल्याकडे सातशे वर्षांहून जुनी आहे.

या आजाऱ्यांच्या शरीराची कोणी काळजी घेत नाही, हा भाग सहसा बोलला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह यांसारख्या टाळता येण्याजोग्या आजारांनी. ओलान्झापिनसारख्या गोळीने वजन आणि साखर वाढते. हातात बिडी किंवा तंबाखू असते. छातीत दुखतेय म्हटले तर घरचे म्हणतात, याचे नेहमीचेच आहे. जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ गर्दीत बीपी बघत नाही, गावच्या केंद्राचा डॉक्टर ‘तुमचा रुग्ण तिकडचा’ म्हणतो. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांतले कुटुंब डॉक्टर अशा रुग्णांची वेगळी यादी ठेवतात आणि वर्षातून एकदा त्यांचे वजन, बीपी, साखर, चरबी, सिगारेट-दारू तपासतात. या कामाचे त्यांच्या दवाखान्याला पैसे मिळतात. तिथेही सगळ्यांची तपासणी होते असे नाही. पण कामाला नाव आहे, यादी आहे आणि किंमत आहे. आपल्याकडे आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासणी चालूच आहे. त्या यादीत या माणसाचे नाव घालायला नवी इमारत लागत नाही.

जवळच्या डॉक्टरची खरी गरज आपल्या घरांना रमजानमध्ये कळते. बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. हातपाय थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही त्याची खूण. सहरीसाठी रोज तुटणारी झोप बायपोलरच्या रुग्णात उन्माद जागा करू शकते. म्हणून शाबान महिन्यातच डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा आणि रक्ताची तपासणी ठरवून घ्यावी. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर आजाऱ्याला सवलत आहे, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी त्याला प्रेमाने आणि स्पष्ट सांगावी, नाहीतर तो रोजा ठेवून गोळी चुपचाप बंद करतो. हे सगळे विचारायला दीडशे किलोमीटर कोण जाईल? घराजवळ विचारणारा डॉक्टर असेल, तरच विचारले जाईल.

आज हातात काय आहे तेही सांगतो.

पहिले, अपंगत्वाचे प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की एसटीच्या भाड्यात मोठी सवलत मिळते, आणि उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करता येतो. खालाजानच्या मुलाकडे हे प्रमाणपत्र नाही. ‘वेडा’ असा शिक्का लागेल, बहिणीचे लग्न अडेल, या भीतीने काढलेले नाही. ती भीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्या कार्डावरचे शब्द गावात कोणी वाचत नाही, आणि भाड्याचे पैसे दर महिन्याला लागतात.

दुसरे, ग्रामीण रुग्णालयात लेखी मागणी. अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करायचा: रुग्णाला अमुक औषध चालू आहे, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे ते इथे मोफत मिळावे. सोबत तज्ज्ञाच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेतच. मेडिकल कॉलेजांना मात्र तो निर्णय लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. एकट्याच्या अर्जावर औषध येईल न येईल. तालुक्यातल्या दहा घरांचे अर्ज आले तर अधीक्षकाला वरती मागणी नोंदवावी लागते, आणि बहुतेक तालुक्यांत अशी दहा घरे निघतात. जमातीच्या कचेरीत नावे गुप्त ठेवून हे अर्ज गोळा करता येतील. रुग्ण कल्याण समितीत पंचायतीचे सदस्य असतात. आपल्या वॉर्डाचा सदस्य रस्त्याच्या कामासाठी भेटतो, त्याला हेही सांगता येते.

तिसरे, जिल्हा पथकाचा तालुक्यातला दिवस. पथकाने ठरलेल्या दिवशी तालुक्याला येऊन रुग्ण तपासावेत अशी रचना आहे. तो दिवस कोणता, मागच्या सहा महिन्यांत पथक किती वेळा आले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमात सरकारवर आणखी एक बंधन आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत लोकसंख्येच्या मानाने मानसिक आरोग्याचे प्रशिक्षित मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय प्रमाणाइतके करायचे. आज देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. दहा वर्षांची ती मुदत २०२८ मध्ये संपते.

आणि रात्री-बेरात्री घरात कोणाची अवस्था बिघडली, किंवा जीव देण्याची भाषा निघाली, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. तो घरातल्या एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.